महोत्सवाचं दार आणि भिवंडीचा दाखला

(भिवंडी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)

कशेळी पुलावर अडकलो नसतो तर वीस मिनिटं आधी पोहोचलो असतो. पण तुम्ही रोज अडकता, त्यामुळे तुमच्याकडे माफी मागण्यात अर्थ नाही. सरळ विषयाकडे येतो.

मला विषय दिला गेला तो असा: 'आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि स्वतंत्र सिनेमा'. आयोजकांनी फोनवर विचारलं, भिवंडीच्या लोकांना यात काय रस असणार? मी म्हटलं, भिवंडीशिवाय ही गोष्ट मला पूर्ण सांगताच येत नाही. आज तेच सांगायचा प्रयत्न करतो. यात चार-पाच सालं येतील. ती लक्षात नाही राहिली तरी चालेल. एक प्रश्न तेवढा लक्षात ठेवा: एखादा सिनेमा लोकांनी पाहावा की नाही हे कोण ठरवतं, आणि ठरवताना कारण काय देतं?

सुरुवात १९५२ पासून. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षंही झाली नव्हती. २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. आयोजन केलं होतं सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने. वीसहून अधिक देशांचे चित्रपट आले. मुंबईनंतर तो महोत्सव मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. त्यात इटलीचा 'बायसिकल थीव्ज' होता. गोष्ट एवढीशी: एका गरीब माणसाची सायकल चोरीला जाते. सायकल गेली म्हणजे नोकरी गेली. बाप आणि मुलगा दिवसभर रोममध्ये ती शोधत फिरतात. ना गाणं, ना मोठा नट, ना सेट. रस्त्यावरची खरी माणसं.

आपल्याकडच्या फिल्मवाल्यांनी हे पाहिलं आणि त्यांना पहिल्यांदा वाटलं, अरे, असाही सिनेमा होतो. पाहणाऱ्यांत बिमल रॉय होते. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, त्यांचा 'दो बीघा जमीन' आला. जमीनदाराच्या कर्जापायी हातची जाऊ पाहणारी जमीन वाचवायला कलकत्त्यात येऊन हातरिक्षा ओढणारा शेतकरी. ती भूमिका केली बलराज साहनींनी. नाव लक्षात ठेवा, हा माणूस आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा तो तुमच्या गावात येणार आहे.

महोत्सव काय करतो, तर हे करतो. तो एक दार किलकिलं करतो. ज्या सिनेमाला धंद्याच्या थिएटरात जागा नाही, तो आठ दिवस दिसतो. शंभर लोक बघतात, त्यांतला एक घरी जाऊन काहीतरी वेगळं करतो.

पण त्याच १९५२ साली दुसरीही एक गोष्ट झाली. सिनेमॅटोग्राफ कायदा आला, तोच कायदा दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे. त्याचा गाभा असा की सार्वजनिक प्रदर्शनाआधी प्रत्येक चित्रपटाला प्रमाणपत्र पाहिजे. पुस्तकाला लागत नाही, वर्तमानपत्राला लागत नाही, सिनेमाला लागतं. मात्र त्याच कायद्यात एक कलम आहे, नववं. त्यानुसार केंद्र सरकार एखाद्या चित्रपटाला किंवा चित्रपटांच्या वर्गाला सूट देऊ शकतं. महोत्सव त्या सुटीवर चालतात. म्हणजे बघा, एकाच साली दार आणि दाराची कडी, दोन्ही आली. पुढची सत्तर वर्षं आपण त्या कडीचा आवाज ऐकतोय.

आता १९७०. हे साल भिवंडीत बसून सांगायचं म्हणजे जड जातं. ७ मे १९७०, शिवजयंतीची मिरवणूक. पुढे काय झालं ते इथल्या ज्येष्ठांना मी सांगावं असं नाही. न्यायमूर्ती मादन आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या दंगलींची चौकशी केली. त्या अहवालाइतकं तपशीलवार आणि परखड काम आपल्याकडे क्वचितच झालं असेल. मला आज सांगायची आहे ती त्या आगीनंतरची गोष्ट.

दंगलीनंतर बलराज साहनी भिवंडीत आले. 'दो बीघा जमीन'मधला तोच रिक्षावाला, आता नावाजलेला नट. त्यांच्या मागोमाग त्यांचे धाकटे भाऊ भीष्म साहनीही आले. हे दोघे भाऊ मूळचे रावळपिंडीचे. १९४७ च्या मार्चमध्ये रावळपिंडी जळत होती तेव्हा भीष्मजी तिथे काँग्रेसचे कार्यकर्ते म्हणून मदतकार्यात होते. ते सगळं मनाच्या तळाशी गेलेलं होतं. तेवीस वर्षं त्यांनी त्यावर कादंबरी लिहिली नव्हती. भिवंडीत त्यांनी जळालेली घरं पाहिली, बंद पडलेले माग पाहिले, सुनसान गल्ल्या पाहिल्या, आणि रावळपिंडी पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. परत गेल्यावर ते लिहायला बसले. ती कादंबरी म्हणजे 'तमस'. १९७५ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

म्हणजे फाळणीवरच्या आपल्या सर्वांत महत्त्वाच्या कादंब‍ऱ्यांपैकी एकीची ठिणगी या गावात पडली. याचा अभिमान वाटावा अशी ही गोष्ट नाही, मला कल्पना आहे. पण विसरावी अशीही नाही.

त्याच १९७० च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. ख्वाजा अहमद अब्बास विरुद्ध भारत सरकार. अब्बास म्हणजे राज कपूरच्या 'आवारा'चे लेखक, पण स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या मनाचे सिनेमे काढणारा माणूस. त्यांनी 'चार शहर एक कहानी' नावाचा लघुपट केला होता. मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली, आणि या चारही शहरांतली श्रीमंती आणि गरिबी शेजारी शेजारी. सेन्सॉरने मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं काढायला सांगितली. अब्बास कोर्टात गेले. गंमत म्हणजे सुनावणीत सरकारने माघार घेतली, प्रमाणपत्र देतो म्हणाले. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. अब्बासांनी अर्जात दुरुस्ती केली आणि मूळ प्रश्नच विचारला: आधी दाखवा, मग परवानगी घ्या, ही पद्धतच घटनेत बसते का? कोर्टाने सांगितलं, बसते. सिनेमा माणसाच्या भावनांना इतर कलांपेक्षा जास्त हलवतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक देता येते.

या वाक्याच्या पोटात एक भीती आहे. प्रेक्षक हलेल. आणि हलला तर काय करील? बोट दाखवायला त्या वर्षी दूर जायची गरज नव्हती.

पुढचं उदाहरण लगेच मिळतं. एम. एस. सथ्यूंचा 'गर्म हवा'. फाळणीनंतर आग्ऱ्यात राहिलेलं एक मुस्लिम कुटुंब. चपलांचा धंदा बसतो, माणसं एकेक करून निघून जातात, म्हातारा बाप मात्र जायला तयार नाही. त्या बापाची भूमिका कोणाची? पुन्हा बलराज साहनी. त्यांची ती शेवटची मोठी भूमिका. एप्रिल १९७३ मध्ये ते गेले, चित्रपट लोकांनी पाहिला त्याआधीच. आणि चित्रपट अडकला होता, कारण जातीय तणाव वाढेल अशी शंका होती. कित्येक महिने गेले, मग प्रमाणपत्र मिळालं. लोकांनी पाहिला. कुठे काही झालं नाही. लोक रडले, एवढंच झालं.

आता १९८८ वर येतो, आणि इथे जरा थांबतो, कारण या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या आणि त्या एकमेकींना उत्तर देतात.

पहिली दूरदर्शनवर. गोविंद निहलानींनी 'तमस'वर मालिका केली आणि ती जानेवारी १९८८ मध्ये दाखवायला सुरुवात झाली. आठवतंय ना? तेव्हा दूरदर्शनच होतं, त्यामुळे देशाने पाहिली म्हणायला हरकत नाही. पहिलाच प्रसंग, ओम पुरींचा नथू रात्रभर एका डुकरामागे धावतोय. कोणीतरी पैसे दिलेत, कशासाठी ते त्याला माहीत नाही. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं. दंगल कशी 'होत' नाही, कशी 'केली' जाते, ते त्या एका प्रसंगात आहे.

मालिकेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला. मुद्दा तोच: लोक भडकतील. आधी स्थगिती मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाने एक साधी गोष्ट केली. त्यांनी मालिका स्वतः पाहिली. पाहिली आणि स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही मालिकेच्या बाजूने निकाल लागला. त्या निकालात नागपूर उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालाचा आधार घेतला आहे, न्यायमूर्ती विवियन बोस यांच्या. त्याचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो. एखाद्या लिखाणाचा परिणाम मोजायचा तो खंबीर, शहाण्या, धीट माणसाच्या मापाने. ज्याचं मन सतत डळमळतं आणि ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोक्याचाच वास येतो, त्याच्या मापाने नाही. प्रेक्षकाबद्दल इतका विश्वास दाखवणारी भाषा आपल्या सार्वजनिक जीवनात फार कमी सापडते.

दुसरी गोष्ट इथली. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा जळाली होती, ती आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली होती. १९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले आणि मोहल्ला कमिट्यांचं काम सुरू झालं. त्या नेत्यांच्या शांतता समित्या नव्हत्या. त्यांत पानवाला होता, मागवाला होता, शिक्षक होता, हातगाडीवाला होता, दोन्हीकडचे लोक होते आणि बरोबर बीटवरचा हवालदार. दंगल पेटल्यावर नाही, काही नसताना भेटायचं. नळाच्या भांडणापासून ते गणपतीच्या मार्गापर्यंत सगळं बोलायचं. चार वर्षांनी डिसेंबर १९९२ आला. मग जानेवारी १९९३. मुंबई जळत होती. सगळ्यांना वाटत होतं की आता भिवंडी. आणि भिवंडी शांत राहिली.

मी हे गोड करून सांगत नाहीये. २००६ साली पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून इथे पुन्हा रक्त सांडलं, पोलिसांचंही आणि नागरिकांचंही. काहीही कायमचं मिटत नसतं. पण हिशेब मांडा. १९७० ला मिरवणूक. १९८४ ला भाषणं आणि झेंडे. २००६ ला जागा. एकाही वेळी सुरुवात थिएटरच्या अंधारात झाली नाही. आणि १९९२ ला जे वाचलं ते लोकांना काही दाखवलं नाही म्हणून नाही, लोक आधीपासून एकमेकांशी बोलत होते म्हणून.

आता पुन्हा महोत्सवाकडे. १९९० साली फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. दोन वर्षांनी एकदा होणारा. आपण त्याला 'मिफ' म्हणतो. स्वतंत्रपणे माहितीपट करणाऱ्यांना हे मोठं व्यासपीठ होतं, कारण माहितीपटाला थिएटर नव्हतंच. सरकारचा महोत्सव असूनही तिथे सरकारला टोचणाऱ्या फिल्म्स दाखवल्या गेल्या. आनंद पटवर्धनांचा 'जंग और अमन' अणुचाचण्यांच्या उन्मादावर बोट ठेवतो, त्याला २००२ च्या मिफमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्याच चित्रपटात सेन्सॉर बोर्डाने कित्येक काटछाटी सांगितल्या होत्या. शेवटी २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो एकही काट न लावता मोकळा केला.

त्याच वर्षी नियम आला की २००४ च्या मिफला भारतीय चित्रपट पाठवायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं. परदेशी चित्रपटाला नको, फक्त भारतीयाला हवं! म्हणजे पाहुण्याला दार उघडं आणि घरच्याला ओळखपत्र. देशभरातल्या दोनशेहून अधिक माहितीपटकारांनी एकत्र येऊन सांगितलं, आम्ही येत नाही. नियम मागे घेतला गेला. पण मग निवड जाहीर झाली आणि त्यात टोकदार राजकीय चित्रपट बरेच गळाले. गुजरातच्या २००२ च्या हिंसाचारावरचा राकेश शर्मांचा 'फायनल सोल्युशन' त्यातलाच.

यावर त्या लोकांनी काय केलं? त्यांनी समोर स्वतःचा महोत्सव भरवला. नाव 'विकल्प: फिल्म्स फॉर फ्रीडम'. ४ ते ९ फेब्रुवारी २००४, मिफ चालू असतानाच, जवळच प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात. कम्युनिस्ट पक्षाची ती इमारत. लाल गालिचा नाही, प्रायोजक नाही, प्रवेश मोफत. सहा दिवसांत पन्नासहून अधिक चित्रपट. काहींनी तर मिफमध्ये निवड झालेली आपली फिल्म काढून घेतली आणि इथे दाखवली. प्रत्येक फिल्मनंतर बोलणं. आणि अर्थात प्रमाणपत्र नाही. 'फायनल सोल्युशन' त्याच महिन्यात बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला. इकडे त्याच वर्षी सेन्सॉरने त्याला प्रमाणपत्र नाकारलं. कारण काय दिलं असेल? अशांतता आणि जातीय हिंसा भडकेल. देशभर निषेध झाला, आणि काही महिन्यांत तो चित्रपट मोकळा झाला. पुढे जुहूच्या पृथ्वीत 'विकल्प'चे नियमित खेळ सुरू झाले.

माझ्या मते आपल्याकडच्या महोत्सवांच्या इतिहासातले ते सहा दिवस सर्वांत मोलाचे. कारण तोवर महोत्सव म्हणजे कोणीतरी उघडलेलं दार. 'विकल्प'ने दाखवलं की एक प्रोजेक्टर, एक पडदा आणि ऐकून घेणारी माणसं असली की दार आपल्यालाही बसवता येतं.

बाकीचा इतिहास चटकन सांगतो. १९६८ साली मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' स्थापन झालं, मराठी माणसाला जगाचा सिनेमा दाखवणारी फिल्म सोसायटी. तिचे सुधीर नांदगावकर पुढे गावोगाव फिल्म सोसायट्या निघाव्यात म्हणून आयुष्यभर फिरले. १९९७ ला मुंबईचा 'मामि' महोत्सव, २००२ ला पुण्याचा 'पिफ' आणि मुंबईतलाच 'थर्ड आय' हा आशियाई चित्रपट महोत्सव. नंतर कोल्हापूर, औरंगाबाद. २००४ पासून इफ्फी कायमचा गोव्यात. या महोत्सवांनी मराठी सिनेमाचा रस्ता बदलला. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१४ ला व्हेनिसमध्ये जिंकला, रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' २०२५ ला सनडान्समध्ये जिंकला, यामागे कुठेतरी हे पन्नास वर्षांचं बघणं आहे.

या यादीत भिवंडी नाही. सुमारे सात लाख वस्तीचं शहर. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचं कापड जिथे सरकलं ते शहर. इथला माणूस सिनेमा बघत नाही असं थोडंच आहे? बारा बारा तासांची पाळी करून बिस्सीत जेवून मोबाईलवर भोजपुरी पिक्चर बघत झोपणारा कामगार हा या देशातला मोठा प्रेक्षक आहे. त्याला कोणी महोत्सवाचा पास देत नाही, एवढंच.

मालेगाव आठवा. आपल्यासारखंच मागांचं गाव, आपल्यासारखाच दंगलीचा शिक्का. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिरने २००० च्या सुमारास गावातल्या माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. मागावर काम करणारे लोक नट झाले. फैजा अहमद खानने त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि तो जगभरच्या महोत्सवांत फिरला. मागाच्या गावातून सिनेमा निघतो हे सिद्ध झालेलं आहे. शंका घ्यायची गरज नाही.

मग माझं म्हणणं काय? पन्नास वर्षं सिनेमे अडवताना जे कारण दिलं गेलं, त्यात भिवंडीचं नाव न घेताही भिवंडीच होती. 'अशा गावांत काय होईल?' हा तो प्रश्न. आपण त्या प्रश्नातला दाखला होतो. उत्तर द्यायची संधी आपल्याला कोणी दिली नाही. 'तमस' इथून सुचली, पण इथल्या किती जणांनी ती एकत्र बसून पाहिली आहे? दोन्हीकडचे, एका खोलीत, दिवे लावल्यावर बोलायला थांबून? मला वाटतं सुरुवात तिथून करावी. मोठा महोत्सव नको. महिन्याला एक फिल्म, आणि नंतर एक तास.

प्रश्न: सर, परवानगीचं काय? पोलीस विचारतील.

उत्तर: विचारतील. तर कागद नीट ठेवा. सुरुवातीला प्रमाणपत्र असलेलेच चित्रपट घ्या. 'गर्म हवा' आहे, 'दो बीघा जमीन' आहे. फिल्म सोसायटी नोंदवा, सभासद करा. आणि पोलिसांना फक्त कळवू नका, बोलवा. बीटच्या हवालदाराला पहिल्या रांगेत बसवा. या गावात ही पद्धत नवी नाही.

प्रश्न: माझे वडील १९८४ मध्ये गेले. ते दिवस मला पडद्यावर पुन्हा बघायचे नाहीत. लोकांना ते का दाखवायचं?

उत्तर: (थोडं थांबून) ताई, तुम्हाला बघायचं नसेल तर तुम्ही अजिबात बघू नका. तो तुमचा हक्क आहे आणि तो कोणीही काढून घेऊ नये. मी इतकं बोललो, पण 'दाखवलंच पाहिजे' असं मी म्हणत नाही. माझं भांडण फक्त एवढ्याशी आहे की तुमच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी, तुम्हाला न विचारता, ठरवून टाकतं. तुम्ही आलात, आणि सुरुवातीला फक्त बाहेर चहा घेत बसलात तरी चालेल. आत काय बोलणं झालं ते कोणीतरी येऊन तुम्हाला सांगेल. आणि तुम्हाला सांगावंसं वाटलं, तर ते आम्ही ऐकू. सिनेमा नसला तरी.